पंधरा टन माती: माळवदाच्या दुरुस्तीच्या नोंदी

घर तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. माजघर पाच खणांचं, खण (दोन तुळयांमधलं अंतर) पावणेपाच फुटांचा, म्हणजे लांबी जवळपास २४ फूट आणि रुंदी १२. भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट जाड. आत सागवानी खांब-तुळया, वर कडीपाट, म्हणजे फळ्यांचं छत, नाही; तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलच्या, म्हणजे बारीक लाकडं, आणि त्यावर माती. हेच माळवद. घराचा सगळ्यात जुना कागद उर्दूत आहे, निजामाच्या काळातला, फसली १३३४ चा. म्हणजे इसवी १९२४-२५. त्यातही हे घर 'जुनं' म्हणूनच लिहिलंय. त्याच्या आधीचं कुणाला सांगता येत नाही.

माळवद दुरुस्त करायचं म्हणून मी माहिती शोधत होतो, तेव्हा बहुतेकांनी एकच सल्ला दिला: पाडा आणि स्लॅब टाका. ज्यांना तो सल्ला नको आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

१४ जानेवारी २०२४

संक्रांतीसाठी सगळे घरी जमले होते, तेव्हाच विषय काढला. चुलते, म्हणजे तात्या, म्हणाले, "आता काय राहिलंय त्यात? उगं पैसा मातीत घालायलास." शब्दशः खरं होतं ते.

पावसाळ्यात मधल्या दोन खणांतून पाणी आलं होतं. उत्तरेच्या भिंतीनं बाहेरून पोट काढलंय. ओळंबा सोडून बघितलं तर पावणेतीन इंच. सवण्याजवळची (सवणं म्हणजे उजेडासाठी माळवदात ठेवलेलं भोक) एक कडी वाकलीय. कोपऱ्यातल्या खांबाचा बुडखा बोटानं दाबला की भुसा पडतो.

आईची अट एकच: सवणं बुजवायचं नाही. सकाळी नऊला त्यातून उन्हाचा कवडसा चुलीसमोर पडतो, आणि तिला घड्याळापेक्षा त्याचा भरवसा जास्त.

२८ जानेवारी

आज माळवदावर पहारीनं चार ठिकाणी भोकं पाडून मातीची जाडी मोजली. १९ इंच, २२, २५, २२.

असं कसं झालं ते उघड आहे. दर साली मृगाच्या आधी वर उगवलेलं गवत काढायचं, पांढऱ्या मातीच्या दहा-पंधरा पाट्या टाकायच्या आणि धुम्मसानं चोपायचं. खालची माती कुणी काढत नाही. गळालं की आणखी माती. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, तात्यांनी टाकली. एका भोकाच्या कडेला मातीचे थर नीट दिसले: पांढरी रेघ, मग कुजलेल्या गवताची काळसर रेघ, परत पांढरी. मी ४३ मोजल्या, मग पाय भरून आले.

हिशेब मांडला. ८ इंच माती ठेवली तर सरासरी १४ इंच काढावी लागेल. २८८ चौरस फुटांवर १४ इंच म्हणजे जवळपास ३३६ घनफूट, सव्वातीन ब्रासच्या वर. घनमीटरला १६०० किलो धरले तर पंधरा टन. भरलेला ट्रक आमच्या डोक्यावर उभा होता आणि खाली आम्ही जेवत होतो.

आमच्या भागात माळवदाचं नाव काढलं की लोकांना किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मी तेव्हा सहा वर्षांचा. आई मला ओढत अंगणात घेऊन गेली एवढंच आठवतं. आमचं घर वाचलं, पण त्यानंतर गावातली निम्मी माळवदं दहा वर्षांत उतरली आणि पत्रे आले. भूकंपानंतरच्या पाहणीतून जे निघालं ते मात्र गावात कुणाच्या तोंडी नाही: भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडी थराला जोडणारे लांब दगड नव्हते म्हणून भिंती फुटल्या, आणि वरच्या मातीच्या वजनानं माणसं गाडली. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती ढासळूनही छत कैक ठिकाणी उभं राहिलं. म्हणून मी पहिल्यांदा वजन कमी करायचं ठरवलं. गळती त्याच्या नंतर.

१८ फेब्रुवारी

पहिली मोठी चूक.

चार गडी लावले, मजुरी ६०० रुपये. पूर्वेच्या टोकापासून माती काढायला सुरुवात केली, कारण ट्रॉली त्या बाजूला उभी राहत होती. दुपारपर्यंत दोन खण मोकळे झाले. तीनच्या सुमारास मधल्या तुळईतून 'कट्' असा आवाज आला. खाली येऊन बघितलं तर तुळई आणि खांब यांच्यामधला सांधा बोटभर उघडलेला, आणि पश्चिमेच्या भिंतीला नवी चीर.

शंभर वर्षं एका वजनाखाली बसलेलं लाकूड. एका बाजूचं वजन अचानक गेलं, दुसऱ्या बाजूचं तसंच, मग ते पिळणारच. काम थांबवलं. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून शटरिंगचे लोखंडी जॅक भाड्यानं आणले, १४ नग. ते आदल्या दिवशीच लावायला हवे होते.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली: पाचही खणांतून तीन-तीन इंचांचा एकेक थर, मधून कडेकडे. वेळ दुप्पट लागला. सांधा आपोआप निम्मा मिटला, उरलेला पुढं सुतारानं कसला.

२ मार्च

माती उतरली. किलच्या बहुतेक चांगल्या निघाल्या, बाभळीच्या आणि लिंबाच्या. वाळवी फक्त उत्तरेच्या भिंतीकडच्या दोन हातांत.

ती तिथंच का, तर त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. २०११ साली आम्हीच केलेला, हौसेनं, वरून गुलाबी रंग. छिन्नीनं काढला तेव्हा मोठमोठे पापुद्रे निघाले आणि मागची माती ओली, काळी, हातात घेतली तर लोण्यासारखी. मार्च महिना, तीन महिने पाऊस नाही, तरी ओली. जमिनीतून भिंतीत चढलेला ओलावा बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तो आत सरकला: खांबाच्या बुडख्यात, कड्यांच्या टोकांत. भिंतीनं पोट काढलं ते त्यामुळंच, असं मिस्त्रींचं मत.

हे मिस्त्री साठीच्या पुढचे. चुन्याचं काम त्यांनी लहानपणी बापाबरोबर केलेलं, नंतर चाळीस वर्षं सिमेंटच. "हात इसरलेत," असं पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मला तो प्रामाणिकपणा आवडला, आणि पुढं त्याची किंमतही मोजली.

१७ मार्च

खांबाचा दिवस. कोपऱ्यातल्या खांबाचा खालचा नऊ इंच भाग पोकळ झालेला. नवा सागवानी खांब घ्यायचा तर परवडत नाही. सुताराचा विचार होता खाली जोड देऊन सांधा करायचा. मिस्त्री म्हणाले, लाकडाला लाकूड कशाला, तळखडाच (खांबाखालचा दगड) उंच करा.

शेजारच्या गावात मागच्या वर्षी एक वाडा उतरवला होता. लाकूड व्यापाऱ्यानं नेलं, दगड तसेच पडून होते. त्यातून नऊ इंच उंच, माथ्यावर गोल खळगा असलेला एक तळखडा मिळाला. फुकट, फक्त उचलून आणायचा. चौघांनी उचलला.

तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू, मधे ट्रकचा जॅक, त्याखाली जाड फळी. मिस्त्री जॅकचा दांडा एकेक पाव फेरा फिरवत होते आणि मी तुळईवर ठेवलेल्या पाण्याच्या वाटीकडं बघत होतो. पाव इंच वर गेल्यावर खांब लोंबकळला. बुडखा करवतीनं कापला, आतून वारुळाची माती सांडली. तळखडा सरकवला, खळग्यात चुन्याचा पातळ गारा घातला, जॅक उतरवला. खांब बसला तेव्हा वाटीतलं पाणी हललं नाही. मिस्त्रींनी कानावरची विडी काढली.

दोन कड्या आणि एक तुळई मात्र बदलावी लागली. जुनंच सागवान घेतलं, घनफुटाला २,४०० रुपये, १८ घनफूट, ४३,२०० रुपये. व्यापाऱ्याकडं ढीग लागलेत असल्या लाकडाचे. एका दाराच्या चौकटीवर अजून हळदीकुंकवाचे ठसे होते.

३१ मार्च

भिंतीत जोड दगड. अडीच फूट लांबीचे दगड आता कोण घडवणार? भूकंपानंतर दुरुस्तीसाठी जी पद्धत सांगितली होती, तीच केली: बाहेरून एक दगड हळू काढायचा, पहारीनं न ठोकता आतली माती-भर उकरत दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार भोक न्यायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलीमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. आडवं-उभं साधारण मीटरभर अंतर, ओळी एकाआड एक सरकवून. चारही भिंतींत मिळून ४६ भोकं.

पुण्यात वारसा जतनाचं काम करणारा माझा एक मित्र आहे. त्यानं फोटो बघून विचारलं, "चुन्याच्या गप्पा मारून सिमेंट?" त्याला सांगितलं, भिंतीला सिमेंटचं कातडं नको, पण आत खिळे चालतात. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. पण रात्री तिथं झोपणार आई आहे.

खांब-तुळईच्या प्रत्येक कोनात सुतारानं तिरपे टेके दिले. बैठकीतल्या लोकांचं डोकं आपटतं. चालेल.

९ एप्रिल

पाडवा. काम बंद. हिशेब केला तर अंदाजापेक्षा खर्च ३८ हजारांनी पुढं.

२१ एप्रिल

चुना. चार पोती कळीचा चुना आणला, टाकीत विरवला. महिनाभर भिजत ठेवायचा होता, मी नऊ दिवसांत काढायला लावला, कारण मिस्त्री येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला येरमाळ्याला जाणार होते आणि त्याआधी उत्तरेची भिंत संपवायची माझी घाई. गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं, वाळू मिसळली, गिलावा झाला. उन्हाचा पारा ४१.

२७ एप्रिल

मिस्त्री यात्रेहून परतले. तिथं भाविक चुनखडी वेचून तिची रास घालतात. मिस्त्रींनीही पाच खडे वेचलेले. आल्या-आल्या भिंतीसमोर उभे राहिले. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, आणि जागोजागी फोड. न विरलेल्या चुन्याचे खडे आत फुलून बाहेर फुटले होते.

"तुमची घाई आन् माझा इसर," एवढंच म्हणाले.

सगळा गिलावा खरवडला. सात हजार रुपये आणि सहा दिवस गेले. उरलेला चुना टाकीत पाण्याखाली ठेवला, तो थेट २० मेच्या पुढं वापरला, गोणपाटं लावून, दिवसातून तीनदा पाणी मारून. तो गिलावा अजून नखानंही निघत नाही.

५ मे

आता वर घालायच्या मातीचा प्रश्न. इथं जे घडलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

माळवदाला काळी माती चालत नाही, ती उन्हात भेगाळते. पांढरी लागते, आणि पांढरी मिळते गावठाणात. गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणतात ते उगीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंती, चुलीतली राख, शेण, असं सगळं मिळून ती माती होते. सगळ्यात चांगली मिळते गढीची. आमच्या गावची गढी लोकांनी अशीच नेली, घरांसाठी आणि शेतात खत म्हणून. आज तिचा एक बुरूज आणि हत्तीच्या पाठीसारखा एक ढिगारा उरलाय.

मीही दोन ट्रॉल्या आणल्या. दीड हजार रुपये ट्रॉली. चाळताना काचेच्या बांगडीचे तुकडे निघाले, एक खापर निघालं, काळ्या-तांबड्या रंगाचं. आईनं ते धुऊन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. संध्याकाळी तात्या कट्ट्यावर बसले होते. खापर हातात फिरवत म्हणाले, "आपलं घर वाचवायला गावाचं घर उकरलंस की."

दोन दिवसांनी डोक्यात आलं: माळवदावरून उतरवलेली माती हीच तर गढीची पांढरी माती. आजोबांच्या हातची, शंभर पावसाळे सोसलेली. मग ती कुठंय? फेब्रुवारीत जागा अडते म्हणून मी एका शेतकऱ्याला नेऊ दिली होती. त्याच्या बांधावर ढीग होता, निम्मा उसाला पसरून झालेला.

१२ मे

मधे ७ तारखेला मतदान. त्याआधी आठवडाभर गडी प्रचाराला. अक्षय्य तृतीयेनंतर सुरू झालं काम.

शेतकऱ्याकडून पाच ट्रॉल्या माती परत मागितली. तो हसला, पण दिली. पैसे घेतले नाहीत; बदल्यात गढीच्या त्या दोन ट्रॉल्या त्याच्या शेतात टाकायच्या असं म्हणत होता. नाही म्हणालो. त्या परत नेऊन ढिगाऱ्याच्या पायथ्याशी टाकल्या, पावसात तिथली कड खचत होती तिथं. त्यानं गढी वाचली असं नाही, पण दुसरं काही सुचलं नाही. त्या शेतकऱ्याला शेणखताची एक ट्रॉली दिली.

माती चाळली, गव्हाचं भुसकट आणि शेण घातलं, आळं करून आठ दिवस भिजत ठेवली. रोज संध्याकाळी पायांनी तुडवायची. तिसऱ्या दिवसापासून आंबूस वास यायला लागला की समजायचं जमतंय. मुलांना फार आवडलं हे काम. आईला मुलांचे कपडे आवडले नाहीत.

१९ मे

आणखी एक प्रयोग, आणि तो फसला. गावातल्या हार्डवेअरवाल्यानं पटवलं की किलच्यांवर जाड प्लास्टिक अंथरा, मग गळायची भीती नाही. ३,८०० रुपयांचं घेतलं. मिस्त्रींनी मान हलवली, बोलले नाहीत. मी पश्चिमेच्या एका खणावर घातलं, बाकीच्यांवर जुन्या रीतीनं तरवडाचा पाला आणि त्यावर चिखल.

आज संध्याकाळी अवकाळी आला, अर्धा तास. प्लास्टिकवरची ओली माती उताराकडं सरकली आणि पन्हाळाचं तोंड बंद केलं. पाणी तुंबलं. रात्री साडेनऊला मी, तात्या आणि शेजारचा एक पोरगा बॅटरी घेऊन वर, हातांनी चिखल उपसत. पाल्यावर घातलेला चिखल जागचा हलला नव्हता. पाल्यात माती रुतते, प्लास्टिकवर तिला धरायला काही नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं. त्यानं आता कडबा झाकलाय.

४ जून

माती घालून झाली. खाली पाला, त्यावर भुसकटाचा चिखल चार इंच, तो निम्मा सुकल्यावर भेगांत पुन्हा गारा, मग कोरडी चाळलेली पांढरी माती चार इंच, थोडं पाणी शिंपडून धुम्मसानं चोपली. दहा फुटांना तीन इंच उतार. पन्हाळी तीन होत्या, त्यांच्या पाच केल्या. सवण्याला भोवती दगडी कठडा सहा इंच उंच केला आणि वर काच बसवली, कडेनं हवेला फट ठेवून.

चारही कोपऱ्यांत मातीतून वर येणारे लोखंडी खुंटे ठोकलेत. त्यांचं टोक आठ इंचांवर आहे. टोक दिसेनासं झालं की माती जास्त झाली. तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मी गेल्यावर बघणार कोण?" मुलाला वर बोलावून त्यालाही दाखवलं.

२३ जून

खर्च, कुणाला अंदाज हवा असेल तर. मजुरी १,३६,४००. लाकूड ४३,२००. चुना, गूळ, हिरडा १५,८००. जॅकचं भाडं ६,५००. सिमेंट, खडी, सळई ९,१००. ट्रॅक्टर ११,५००. एकूण २,२२,५००. प्लास्टिकचे ३,८०० मी यात धरलेले नाहीत, ते तात्यांना अजून सांगितलेले नाहीत. दिवस धरले होते साठ. लागले एकशे सदतीस.

मजुरीचा आकडा मोठा वाटेल. त्यातले निदान तीस हजार माझ्या चुका निस्तरण्याचे: उलटसुलट माती काढणं, गिलावा खरवडणं, माती परत आणणं.

७ जुलै

पहिला मोठा पाऊस काल रात्री, सलग चार तास. पाचही पन्हाळी वाहिल्या. माजघर कोरडं. फक्त सवण्याच्या काचेखालून, मी हवेसाठी फट ठेवली तिथून, वाऱ्याबरोबर पाण्याचे शिंतोडे आले. आईनं खाली परात ठेवली होती. सकाळी मी काच उलट्या बाजूनं कलती करतो म्हणालो.

"आधी चहा घे," ती म्हणाली. "नऊ वाजू दे, कवडसा कुठं पडतोय ते बघू, मग हलव."